ढिली

आमच्याकडे खाट ढिली होते, सायकलची चेन ढिली होते आणि बाई ढिली असते. खाट आवळता येते, चेन घट्ट करता येते. बाईचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्या घरावर असतं.

मी शहापूरची. तिथं हायवेवर दुकानं आहेत, तिथं हा शब्द दुकानातल्या नोकराला लावत, नाहीतर फाईल न हलवणाऱ्या बाबूला. लग्न होऊन करडीला आले तेव्हा कळलं की इथं तो रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा शब्द आहे. बाहेरच्या माणसाला तो आळशी या अर्थाचा वाटतो. तसा तो नाही. आळशी बाई काम टाळते. ढिली बाई टाळत नाही. ती सगळ्यांबरोबर उठते, सगळ्यांबरोबर बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात उतरते, सगळ्यांबरोबर वाकते. फक्त तिच्या अंगातून हालचाल कमी निघते. दुखणाईत बाईला ढिली म्हणत नाहीत, तिला बिमार म्हणतात आणि गोळ्या आणतात. पोटुशीला म्हणत नाहीत. म्हातारीलाही नाही, ती थकली असते. ढिली म्हणवून घ्यायला बाई तरुण आणि धडधाकट असावी लागते, आणि तरी कमी पडावी लागते. पुरुषांना हा शब्द फारसा चिकटत नाही. माझे दीर दिवसचा दिवस पानठेल्यावर बसून असत. त्यांना कोणी ढिला म्हणत नव्हतं. ते रिकामे होते, एवढंच.

मुलगी बघायला गेलं की आमच्या सासूबाई तिला पाणी आणायला सांगत. पाणी कोणाला प्यायचं नसे. मुलगी उठते कशी, जाते कशी, किती वेळात परत येते, हे बघायचं असे. माझ्या वेळी मी तांब्या घेऊन इतक्या लवकर परत आले की अर्धं पाणी वाटेत सांडलं होतं. सासूबाई तेवढ्यावर हो म्हणाल्या. पुढं याच दिरांसाठी आम्ही आंबागडला गेलो तेव्हाही त्यांनी पाणीच मागितलं. मुलगी लगेच घेऊन आली. लग्न झाल्यावर महिन्याभरात सासूबाईंनी शोध लावला की तांब्या भरून दाराआड ठेवलेला होता आणि मुलीच्या वहिनीनं तो तिच्या हातात दिला होता. खरं-खोटं मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून घरात एकच वाक्य सुरू झालं, की आंबागडवाल्यांनी ढिली पोरगी गळ्यात मारली.

जाऊ माझ्याहून पुष्कळ लहान. अंगानं भरलेली, चेहऱ्यानं बरी, बोलायला कमी. तिचं कोणतंच काम वाईट नव्हतं. भांडी स्वच्छ निघत, पण दुपार होई. अंगण झाडून होईपर्यंत आधी झाडलेल्या भागात कोंबड्या पुन्हा घाण करून ठेवत. मी स्वभावानं वेगळी आहे. मी रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवसाची कामं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून काढते आणि झालेलं काम खोडते. मला खोडायला आवडतं. तिला एक काम सांगितलं की ते माझ्या कागदावर संध्याकाळपर्यंत तसंच राही. मला ते सहन होत नसे, आणि मी ते लपवतही नसे.

घरात हे निभलं असतं. रोवणीत निभत नव्हतं, कारण आमची टोळी होती. सासूबाई तिच्या म्होरक्या आणि बायकांची हजेरी, गाडी, कोणाची बांधी कोणत्या दिवशी, हे सगळं मी बघायची. टोळी एकरावर काम घेते आणि पैसे सगळ्यांत सारखे वाटते. म्हणजे एक बाई कमी रोवते तेव्हा तिचा वाटा बाकीच्यांच्या कमरेतून निघतो. यात कोणी दयामाया करत नाही, आणि करावी असं मलाही वाटलेलं नाही.

टोळीत ढिल्या बाईसाठी एक रीत आहे. सगळ्या जणी ओळीनं आपापली पात धरून मागं मागं सरकत रोवतात. जी मागं पडते तिच्या दोन्ही बाजूच्या बायका तिच्यासाठी थांबत नाहीत, उलट हात वाढवतात. आपली पात संपवतात आणि मग तिच्या पाठीमागून आडवं रोवून टाकतात. थोड्या वेळात तिच्या चारी बाजूंनी हिरवं होतं आणि मधे तेवढ्या चिखलात ती एकटी उरते. बाहेर पडायला जागा नाही, पाय टाकला तर रोवलेलं मोडतं. याला कोंडणं म्हणतात. बाकीच्या धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर चढतात, पाय धुतात, तंबाखू मळतात आणि तिच्याकडे बघत बसतात. तिची जागा भरून होईपर्यंत कोणी मदतीला उतरत नाही. एकदा कोंडलेली बाई पुढच्या दिवशी मरमरून हात चालवते. म्हणूनच ही रीत टिकली आहे.

जावेला पहिल्याच वर्षी कोंडलं. दुसऱ्या दिवशी तिचा हात चालला नाही. म्हणून पुन्हा कोंडलं. दुसऱ्या वर्षीही तेच. मग बायकांना त्यात गंमत वाटायला लागली आणि नंतर गंमतही राहिली नाही. त्या सासूबाईंना म्हणू लागल्या की तुमची सून आहे म्हणून आम्ही किती दिवस तिच्या वाटचं ओढायचं. सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा धुऱ्यावर खाली बघावं लागलं. त्या घरी आल्या आणि जेवताना सगळ्यांसमोर त्यांनी ठरवून टाकलं.

"येत्या रोवणीत तिनं पात धरली त राहील घरात. नाही त आंबागडले पोचवून देजो."

हे त्या दिरांना म्हणाल्या. दिरांनी मान हलवली आणि आणखी वरण मागितलं. जाऊच वाढत होती. तिनं वरण वाढलं.

मला ही गोष्ट आवडली नाही. मुख्य कारण सांगते, ती गेली असती तर घरातलं सगळं माझ्या अंगावर आलं असतं. मी त्यावर एक उपाय काढला. आजार निघाला तर प्रश्न मिटतो. आजाराला नाव असतं, गोळी असते, आणि नाव असलेल्या गोष्टीला कोणी ढिली म्हणत नाही. आमच्या भागात रक्ताचे आजार घरोघर आहेत, एखादा तिलाही असायला हरकत नव्हती. मी मनातल्या मनात यादी केली, सिकलसेल, रक्त कमी, थायरॉईड, शुगर, आणि उन्हाळ्यात तिला बसनं भंडाऱ्याला घेऊन गेले. एका खाजगी दवाखान्यात सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्टला वेळ होता म्हणून स्टँडवर तिला उसाचा रस पाजला. तिनं तो पिऊन संपवेपर्यंत मी बाजारातून मीठ, सुतळी आणि टॉर्चचे सेल घेऊन परत आले होते.

डॉक्टरांनी कागद चाळले आणि सांगितलं की काहीही नाही, सगळं नॉर्मल आहे. मी म्हटलं, नीट बघा, हिच्यानं काम होत नाही, अंग चालत नाही. त्यांच्याकडे सल्ल्याचा एक छापील कागद होता. त्यावर मीठ कमी खा, तेल कमी खा, असे रकाने होते. त्यातल्या एका रकान्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली. तिथं छापलं होतं, शारीरिक हालचाल अपुरी. रोज सकाळी चालायला जात जा, असं ते तिला म्हणाले. मी सांगितलं की ही रोवणीला जाते, दिवसभर चिखलात वाकलेली असते. ते म्हणाले की ते काम झालं, व्यायाम वेगळा. आणि बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे मले काहीच नाही झालं, बाई?"

"काहीच नाही."

ती हसली. चांगलं मोकळं हसली, स्टँडपर्यंत हसरी होती. तिला खरंच वाटलं की ही चांगली बातमी आहे. मला तिची कीव आली नाही, राग आला. आपल्याला कशानं वाचवता आलं असतं एवढंही जिला कळत नाही, तिच्यासाठी मी उन्हातून फिरत होते.

घरी सासूबाईंनी कागद वाचायला लावला. त्यांना वाचता येत नाही. मी नॉर्मल, नॉर्मल म्हणत भराभर पुढं चालले होते. त्यांनी खुणेवर बोट ठेवलं आणि ही रेघ कायची आहे म्हणून विचारलं. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग सावकाश म्हणाल्या, "म्हणजे ढिली." मी म्हटलं, तसं नाही लिहिलेलं. त्या म्हणाल्या की पुस्तकात तसं लिहितात, आपण असं बोलतो, गोष्ट एकच. आणि त्यांचं चुकत नव्हतं. मला दुसरा अर्थ सांगता आला नाही, आजही येत नाही. त्यानंतर त्या पाण्याच्या बोरिंगवर, लग्नात, जिथं चार बायका भेटतील तिथं सांगत सुटल्या की आम्ही काही उगीच बोलत नव्हतो, डॉक्टरनंबी तेच सांगतलं. इतके दिवस तो आमच्या घरचा शब्द होता. मी तिला भंडाऱ्याला नेल्यामुळे त्याला दवाखान्याचा शिक्का मिळाला.

रोवणी लागली. सासूबाईंनी जावेला मुद्दाम मधली पात दिली. डाव्या हाताला मी आणि उजव्या हाताला टोळीतली सगळ्यात चपळ बाई, जिला बोलायलाही कमी नव्हतं. पहिले काही दिवस जाऊ झटली. मी शेजारी होते, मला दिसत होतं. ती पाणी प्यायला वर येत नव्हती, कंबर सरळ करत नव्हती, रोपांच्या जुडीतले परे हातात भरभर सोडवत होती. सगळं करूनही ती मागंच. मी स्वतः हात आखडून बघितला. मी हळू झाले की सासूबाई धुऱ्यावरून मला हाक मारत.

शेवटच्या मोठ्या बांधीत, दुपारनंतर, तिला कोंडलं. तिच्या पाठीमागचं आडवं मी रोवलं. माझी पात तिच्या शेजारची होती, ते काम माझंच होतं.

सगळ्या धुऱ्यावर बसल्या. उजव्या पातीवाली सुरू झाली.

"काहून वो, दिवाळीपर्यंत होईल का?"

दुसरी म्हणाली की तिच्या हातातच परे पिकून राहिले, रोवून कायले, डायरेक्ट कापूनच घ्या. तिसरीनं पायाला मुळं फुटली का बघा म्हटलं. एका म्हातारीनं तिथल्या बगळ्याकडे बोट दाखवून सांगितलं की हा तिच्यापेक्षा जास्त पाय उचलते. आम्ही हसलो. बगळा खरंच तिच्याहून जास्त चालत होता.

ती वाकून रोवत राहिली. सासूबाई धुऱ्याच्या टोकाला उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि तिला विचारलं की काय विचार आहे, शेवटचं विचारते.

जाऊ सरळ झाली. कोपरापर्यंत चिखल होता. तिनं आमच्याकडे कोणाकडेच बघितलं नाही, राहिलेल्या जागेकडे बघितलं.

"मी येवढीच आहो, मामीजी."

"मंग येवढ्यानं भागत नाही," सासूबाई म्हणाल्या.

तिनं मान हलवली आणि पुन्हा वाकली. राहिलेली जागा पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी दिरांनी तिला मोटरसायकलवर आंबागडला पोचवलं.

घरात तिच्याबद्दल बोलणं बंद झालं. माझी कामं वाढली, ती मी बसवून घेतली. मग कापणी आली, आणि कापणीला माणूस मिळेना. टोळीतल्या बायका जास्त मजुरीवर दुसरीकडे गेल्या. हार्वेस्टर आमच्या ओल्या बांधीत उतरत नव्हता. धान लोळायला लागलं. सासूबाईंनी दोन दिवस दम धरला, तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "आण तिले. ढिली त ढिली, हात त आहेत."

मी आंबागडला गेले. तिच्या वहिनीनं मला पाणी दिलं आणि चहा ठेवण्याआधी जावेची बॅग दारात आणून ठेवली. तिथंही तिचं नाव तेच पडलं होतं. वहिनी मला समजुतीनं सांगत होती की पोरगी गुणाची आहे, फक्त तिच्या मागं लागावं लागते. जाऊ आली, साडी बदलली, निघाली. कोणी तिला विचारलं नाही, मीही नाही. आंबागडच्या किल्ल्याखालच्या रस्त्यानं बसकडे येताना तिनं मला एवढंच विचारलं की मलाही ती ढिली वाटते का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बरं." बाकी रस्ता ती माझ्या मागून चालत होती.

तिनं सगळी कापणी केली. धानाची मळणी, चुरणी होईपर्यंत ती घरात होती आणि तेवढे दिवस तिला कोणी काही म्हटलं नाही. पोती पडवीत रचली त्या संध्याकाळी सासूबाई दिरांना म्हणाल्या की झालं आता, उद्या सोडून ये तिले. जाऊ तिथंच पोत्यांखालचा कचरा भरत होती.

सकाळी सासूबाईंनी स्वतः तिची बॅग भरली. दिरांनी मोटरसायकल दारात काढून सुरू केली. जाऊ अंगणात नळाच्या टाकीजवळ सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिला चल म्हटलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. आणि उठली नाही.

आम्हाला वाटलं, तिच्या सवयीप्रमाणे वेळ लावते आहे. दिरांनी हॉर्न वाजवला. थोड्या वेळानं गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली.

"उठ," सासूबाई म्हणाल्या.

"उठीन ना. घाई कायची आहे?"

तिनं हे चिडून म्हटलं नाही. तिला खरोखर घाई नव्हती. सासूबाईंनी तिचा हात धरून ओढला. तिनं हात सोडवून घेतला नाही, ओढला तेवढा येऊ दिला. हात वर आला, बाई खालीच राहिली. दिरांनी एक कानाखाली दिली. ती एका बाजूला कलली, मग पुन्हा नीट बसली. तोपर्यंत कुंपणाशी शेजारणी जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली की जेसीबी बोलवा, ते आपल्या बापाच्यानं उचलणार नाही. दिरांनी शेजारच्या माणसाला हाक मारली आणि दोघांनी तिला काखेत धरून उचललं. तिनं अंग ताठ केलं नाही, पाय झाडले नाहीत, काहीच केलं नाही. तिला गाडीपर्यंत नेलं आणि मागच्या सीटवर ठेवलं. ती घसरून खाली आली. पुन्हा ठेवलं, पुन्हा आली. पोतं बांधून नेता येतं. बाईला मोटरसायकलवर स्वतः बसावं लागतं, स्वतः धरावं लागतं. ती धरत नव्हती.

शेजारचा माणूस हात झटकून निघून गेला. दीर थोडा वेळ शिव्या देत उभे होते, मग गाडी घेऊन पानठेल्याकडे गेले. जाऊ दारात मातीत बसून होती. चपलेचा एक पाय अंगणात राहिला होता.

सासूबाईंनी मग शेवटचा उपाय केला. घरातून तिची बॅग आणली आणि रस्त्याच्या मधोमध फेकली. आपल्या कपड्यांसाठी तरी उठेल, आणि एकदा उठून बाहेर गेली की फाटक लावून घेऊ, असा त्यांचा हिशेब होता. त्या फाटकाला हात लावूनच उभ्या राहिल्या. जावेनं बॅगेकडे बघितलं. चेन तुटून एक हिरवा ब्लाऊज बाहेर आला होता. ती हलली नाही.

ऊन चढलं. शेजारणी स्वयंपाकाला गेल्या. सासूबाई फाटकाशी, जाऊ फाटकाच्या आत, बॅग रस्त्यात. मी घरातली माझी कामं करत होते आणि दर थोड्या वेळानं बाहेर बघत होते. कुठलं काम खोडावं आणि कुठलं राहू द्यावं हे मला त्या दिवशी समजत नव्हतं. तेवढ्यात वळणावरून तणसानं, धानाच्या पेंढ्यानं उंच भरलेला ट्रॅक्टर आला. अशा ट्रॅक्टरवाल्याचं लक्ष मागच्या डोलणाऱ्या ओझ्याकडे असतं, रस्त्यात काय पडलंय ते तो बघत नाही. सासूबाईंनीही तो बघितला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

मी फाटकातून बाहेर गेले, बॅग उचलली, ब्लाऊज आत कोंबला आणि बॅग घेऊन परत आले.

"कायले उचलली तू?" सासूबाईंनी विचारलं.

"ट्रॅक्टर येऊन राहिला होता, मामीजी."

मी बॅग आत नेऊन तिच्या खोलीत खुंटीला अडकवली. बाहेर आले तेव्हा सासूबाई फाटक सोडून पडवीत पोत्यांना टेकून बसल्या होत्या. जाऊ अजून दारातच होती. मी तिला म्हटलं की तांदूळ निवडून झाले असतील तर दे, मला भात टाकायचा आहे. ती म्हणाली, अर्धे राहिले. मग तिनं एक हात जमिनीला टेकवला, दुसरा गुडघ्याला, आणि उठायला सुरुवात केली.